गिल्ड वॉर्स २ ची मारामारी: सगळी गंमत दोन डॉजची

भाऊ, गिल्ड वॉर्स २ हा ऑनलाइन गेम काही नवा नाही, २०१२ चा आहे, मीच उशिरा पोचलो. मे महिन्यात नागपुरात दुपारी बाहेर पडायची सोय नसते, कूलरसमोर पडून पडून कंटाळा आला म्हणून डाउनलोड केला, मूळ गेम २०१५ पासून फुकट आहे आणि महिन्याचं सबस्क्रिप्शन पण नाही, म्हटलं जाते काय आपलं. स्टोरी ठीकठाक, अर्धी तर मी स्किपच केली. पण मारामारी बे, काय केली आहे!

याआधी मी फायनल फँटसी १४ हा असाच ऑनलाइन गेम खेळायचो. त्यात एक मेन स्किल, म्हणजे बटण दाबून मारायचा डाव, मारली की पुढचीसाठी साधारण अडीच सेकंद थांबायचं आणि मधल्या फटीत बाकीच्या बसवायच्या, त्यातही डोकं लागतं, नाही म्हणत नाही, पण मला सुरुवातीला टायपिंगच्या क्लासला बसल्यासारखं वाटायचं. इथे सगळा जीव डॉजमध्ये, म्हणजे वार चुकवायच्या कोलांटीत आहे. एन्ड्युरन्सची म्हणजे दमाची पट्टी असते, तिच्यात दोनच डॉज मावतात आणि एक परत भरायला दहा सेकंद जातात. डॉज मारला की पाऊण सेकंद तुम्हाला काही लागत नाही, समोरच्याचा सोटा अंगावरून गेला तरी. बस, एवढंच आहे.

पण या दोनमुळेच कंजुषी शिकावी लागते. ट्रोल नावाच्या एका राक्षसापुढे मी घाबरून दोन्ही डॉज आधीच उडवले, तो हात वर करून उभाच होता, माझी पट्टी रिकामी झाल्यावर आरामात हाणलं आणि मी आडवा. संक्रांतीला गच्चीवर काका ओरडायचे ना, "अबे आत्ताच खेचू नको, ढील दे, ढील दे", आणि मी घाई करून आपलीच पतंग कापून घ्यायचो, अगदी तेच. दुसऱ्या वेळी नुसता त्याचा खांदा पाहत बसलो, हात खाली यायला लागला तेव्हा डॉज मारला आणि वाचलो. तेव्हा जी मजा आली ती लेव्हल वाढल्यावरही येत नाही, कारण मेलो तेव्हा का मेलो ते कळलं होतं.

आणि आडवं पडलं म्हणजे खेळ संपला असंही नाही, पडल्या पडल्या चार स्किल मिळतात, तेवढ्यात एखादा शत्रू मारला की परत उभे, नाहीतर बाजूचा कोणी येऊन उठवतो.

हातातलं हत्यार बदललं की पहिल्या पाच स्किल बदलतात. माझं पात्र रेंजर, त्याच्या लाँगबोचा म्हणजे लांब धनुष्याचा साधा बाण जितक्या लांबून माराल तितका जोरात लागतो, म्हणजे बोटांइतकेच पायही चालवावे लागतात. नागपुरातल्याच नंदनवनचा एक मित्र एलिमेंटलिस्ट, म्हणजे आग-पाण्याची जादू करणारं पात्र, खेळतो, त्याने जमिनीवर आग लावली आणि मी त्यातून बाण सोडला तर बाण पेटूनच गेला! मी म्हटलं हे काय झालं, तर तो म्हणतो, "तुले इतक्या दिवसांत माहीतच नव्हतं काय बे?" नव्हतं ना, गेम नीट सांगतच नाही, ही माझी पहिली तक्रार.

दुसरी म्हणजे झगमगाट. टेक्वाटल नावाचा ड्रॅगन आहे, त्याला मारायला ढीगभर लोक जमतात, प्रत्येकाचे फटाके वेगळे, मला तर त्याचा एक पंजाच दिसत होता. तो लाट सोडतो, ती उडी मारून चुकवता येते, पण आधी दिसली तर पाहिजे! इफेक्ट्स सेटिंगमध्ये जाऊन कमी करा, आधीच करा.

तिसरी गेमची चूक नाही. सर्व्हर युरोप किंवा अमेरिकेत, त्यामुळे इथून पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायचा वेळ, दोनशे मिलिसेकंदांच्या आसपास, आणि आमच्या नेटवाल्याचं तर आभाळ आलं की लाइन डळमळते, फोन केला की "चेक करून राहिलो भाऊ". वेळेवर डॉज दाबूनही आडवं पडणं यासारखा वैताग नाही, कारण मग चूक शोधायची कुठे?

तरी पाचपैकी चार देतो. नागपूरचं कोणी खेळत असेल तर युरोप सर्व्हरवर रात्री अकरानंतर असतो मी, नंदनवनवाल्याची परीक्षा चालू आहे, आग लावणारा पाहिजे.