धुण्याचा सोडा आणि लिंबूसत्त्व: काळजीच्या दिवसांतील साफसफाई

वडिलांच्या तपासणीचा अहवाल येण्यास आठ दिवस लागणार होते आणि तोवर मला ना धड झोप लागत होती, ना कामात लक्ष. दिवाळी तीन महिने लांब असताना मी स्वयंपाकघराची साफसफाई काढली, ती केवळ हातांना काम हवे म्हणून. त्यासाठी कोपऱ्यावरच्या किराणा दुकानातून किलोभर सुटा धुण्याचा सोडा आणि लिंबूसत्त्वाचे पाव किलोचे पाकीट आणले.

सोड्याविषयी मला मनापासून चांगले लिहायचे आहे. धुण्याचा सोडा म्हणजे सोडियम कार्बोनेट. तो खाण्याच्या सोड्यापेक्षा बराच तीव्र असल्यामुळे फोडणीच्या वाफांचे वर्षानुवर्षे साचलेले राप त्याने सुटतात. बादलीत कढत पाणी घेऊन त्यात वाटीभर सोडा विरघळवला आणि चिमणीची स्टीलची जाळी तासभर बुडवून ठेवली. पाणी हळूहळू चहासारखे तपकिरी होत गेले, तेलाचे तुकडे सुटून वर तरंगू लागले आणि मी स्टूल घेऊन शेजारीच बसून राहिले. अहवाल कधी येईल हे कोणी नेमके सांगत नव्हते, पण ही जाळी तासाभराने निघणार हे ठरलेले होते, आणि त्या रात्री मला तेवढाच आधार पुरला. घासायला फारसे काही उरलेच नाही. हातमोजे मात्र घालावेत, कारण सोड्याने कातडी कोरडी पडून चिरते. ॲल्युमिनियमची भांडी किंवा जाळी त्यात बुडवू नये. ती काळी पडते.

लिंबूसत्त्वाचे काम न्हाणीघरात. आमच्या इमारतीला बोअरचे पाणी आहे, त्यामुळे नळांवर क्षारांचा पांढरा थर बसतो. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व विरघळवून त्यात भिजवलेले फडके नळाभोवती गुंडाळले, तेव्हा थर बारीक फसफसत सुटला आणि वीस मिनिटांत नळाची मूळ चकाकी दिसू लागली.

तक्रार आहे ती पाकिटावरील मजकुराची. ‘सर्व पृष्ठभागांसाठी सुरक्षित’ असे त्यावर ठळक छापलेले होते, म्हणून त्यातलेच पाणी मी कडाप्प्याच्या ओट्यावर फिरवले आणि जिथे ते थोडा वेळ साचले तिथली पॉलिश कायमची गेली. कडाप्पा, शहाबादी फरशी, कोटा आणि संगमरवर या साऱ्या दगडांत मुख्यत्वे तेच कॅल्शियम कार्बोनेट असते, जे नळावरच्या थरात असते. आम्ल दोन्हींना सारखेच खाते. ज्या घरांत असे ओटे आणि फरश्या आहेत, तिथे विकल्या जाणाऱ्या पाकिटावर ही सूचना नसणे मला अक्षम्य वाटते.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगते. मन थाऱ्यावर नसताना माणूस हाताला येईल ते एकत्र ओततो. लिंबूसत्त्व किंवा कोणतेही आम्ल ब्लीचमध्ये कदापि मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो. मी पहिल्या रात्री दोन वाजता दार लावून काम करत होते. दुसऱ्या रात्रीपासून खिडकी उघडी ठेवली आणि ब्लीचची बाटली घराबाहेर काढली.

सोडा मी पुन्हा घेतला आहे. लिंबूसत्त्व बरणीत भरून त्यावर ‘फक्त नळ’ अशी चिठ्ठी चिकटवली आहे.