जुना डिझेल ट्रॅक्टर, एका हंगामानंतर: पंप उघडण्याआधी टाकी बघा

सेकंड-हँड ट्रॅक्टर घेऊन नांगरटीचा अख्खा हंगाम उलटला. इंजिन, क्लच, हायड्रॉलिक ठीक आहे. डोकं खाल्लं ते डिझेल पुरवठ्याने, म्हणून त्यावरच लिहितो.

सकाळी अर्ध्या सेल्फला चालू व्हायचा. मोकळा कितीही पळवा, तक्रार नाही. नांगर जमिनीत गेला की थोडा वेळ झकास, मग आवाज बसायचा आणि आचके देत बंद पडायचा. जरा उभा ठेवला की काही झालंच नाही असा पुन्हा चालू. जो बघेल तो म्हणे, पंप (नोझलला, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोटीला, दाबाने डिझेल देणारा) गेला, कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची मापं जुळवून, घ्या. मला ते पटेना. झिजलेला पंप नुसता उभा राहून बरा होत नाही. उलट, पंप झिजला की गरम इंजिन चालू व्हायलाच नखरे करतं. थांबल्यावर सुधारणारा दोष बहुतेक वेळा पंपाच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला निघतो.

पहिली तपासणी फुकटची. दम टाकायला लागला की टाकीचं झाकण सैल करायचं. हवा आत शिरल्याचा आवाज येऊन इंजिन सावरलं, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. माझं बुजलेलं होतंच, पण ते साफ करूनही त्रास पुरता गेला नाही. मग फिल्टरकडे जाणारा पाइप सोडून, खाली बादली धरून, कॉक उघडला. धार आधी जोरात, मग बारीक, शेवटी नुसते थेंब. कॉक काढला तर जाळीवर गंजाच्या खपल्या आणि काळा चिकट गाळ. डिझेल वाहू लागलं की खपल्या जाळीवर येऊन बसत, इंजिन थांबलं की सुटून खाली जात. टाकी उतरवून धुतली, दोन्ही फिल्टर बदलले, नांगरातलं बंद पडणं थांबलं.

पण महिन्याभराने सकाळचं स्टार्टिंग लांबायला लागलं. एअर घेत होता, म्हणजे डिझेलच्या पाइपात हवा शिरत होती. बाहेर कुठेही ओल नाही, कारण फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून पुढे मोठ्या पंपाकडे ढकलणारा छोटा पंप) जिथून डिझेल खेचतो तिथली फट गळेलच असं नाही, ती हवा ओढते. फीड पंपाआधी तात्पुरता पारदर्शक पाइप लावला आणि बुडबुडे दिसले. दोषी निघाला बँजो बोल्टचा (पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचा) जुना, चपटा झालेला कॉपर वॉशर. मेकॅनिक तोच पुन्हा बसवतात, याचा मला राग आहे.

एअर काढताना क्रम सोडू नका. आधी फिल्टरचा स्क्रू सैल करून हातपंप मारायचा, फेस जाऊन सलग डिझेल आलं की आवळायचा; मग मोठ्या पंपाचा स्क्रू; तरीही चालू झाला नाही तर नोझलचे नट थोडे ढिले करून सेल्फ मारायचा. इंजिन चालू असताना प्रेशर पाइपच्या (पंपाकडून नोझलकडे जाणाऱ्या) गळतीवर बोट कधीच लावू नका. नोझलपाशी दाब साधारण 200 बार असतो, ते डिझेल कातडीतून आत घुसतं आणि थेट ऑपरेशनची वेळ येते. गळती पुठ्ठा धरून शोधायची.

आता संध्याकाळीच टाकी भरून ठेवतो, म्हणजे रिकाम्या जागेत रात्री पाणी सुटत नाही. फिल्टरखालचा पाणी काढायचा स्क्रू मात्र पाइपाच्या मागे असा दडवलाय की पाना फिरत नाही. जड लोडला अजून थोडा काळा धूर आहे, एअर क्लीनर बघून झालाय, पुढे नोझल टेस्टिंगला काढणार आहे. मोठा पंप उघडावाच लागला नाही, त्याचं सील अजून तुटलेलं नाही.