हेडर आणि क्वेरी पॅरामीटर वाचायचेत: नायफाय, म्यूल की कॅमल?

नायफाय, म्यूल आणि कॅमल ही एका यंत्रणेतला डेटा दुसरीकडे पोचवणारी साधनं. बाहेरून आलेल्या एचटीटीपी रिक्वेस्टमधला हेडर (रिक्वेस्टसोबत येणारी माहितीची ओळ) किंवा क्वेरी पॅरामीटर (यूआरएलमध्ये प्रश्नचिन्हानंतर लिहिलेली व्हॅल्यू) वाचणं तिन्हींत सोपं आहे. निवडताना वेगळंच बघायला हवं: वाचलेली व्हॅल्यू पुढे कुठवर जाते आणि वाटेत कुठे साठून राहते.

अपाची नायफायचा हँडल-एचटीटीपी-रिक्वेस्ट प्रोसेसर हेडर आणि पॅरामीटर दोन्ही फ्लोफाइलच्या (फ्लोमधून फिरणाऱ्या डेटाच्या एका तुकड्याच्या) अ‍ॅट्रिब्यूटमध्ये (सोबतच्या नाव-व्हॅल्यू जोड्यांत) भरतो. दोघांच्या नावांना वेगळे उपसर्ग लागतात, त्यामुळे गल्लत होत नाही, आणि मुद्दाम काढले नाहीत तर ते फ्लोच्या शेवटापर्यंत सोबत असतात. अडचण अशी की टोकन (ओळख पटवणारी गुप्त किल्ली) आणणारा ऑथरायझेशन हेडरही त्यातच येतो आणि प्रोव्हेनन्समध्ये (डेटाच्या प्रवासाच्या नोंदवहीत) नोंदला जातो. नंतर अपडेट-अ‍ॅट्रिब्यूटने काढला तरी आधीची नोंद मागे उरते. म्हणून टोकनची पडताळणी गेटवेवरच (आधी लागणाऱ्या प्रवेशद्वार-सर्व्हरवरच) उरकावी आणि तो हेडर नायफायपर्यंत येऊच देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. शिवाय अ‍ॅट्रिब्यूटच्या नावात कॅपिटल आणि स्मॉल अक्षरं वेगळी धरली जातात, तर एचटीटीपी/२ वर हेडरची नावं स्मॉल अक्षरांतच येतात. क्लायंटने प्रोटोकॉल बदलला की कालपर्यंत तो हेडर नीट वाचणारं एक्स्प्रेशन रिकामं परत येऊ शकतं. नुसता डेटा घ्यायचा असेल, उत्तर स्वतः घडवायचं नसेल, तर लिसन-एचटीटीपी बरा; कोणते हेडर आत घ्यायचे हे त्यात रेजेक्सने (नावाच्या नमुन्याने) ठरवता येतं.

म्यूल ४ मध्ये हेडर, क्वेरी पॅरामीटर आणि यूआरआय पॅरामीटर (पत्त्याच्या मार्गातच आलेली व्हॅल्यू) यांचे तीन स्वतंत्र कप्पे आहेत, आणि हेडरच्या नावात अक्षरांच्या आकाराने फरक पडत नाही. वाचायला हीच रचना सर्वांत स्वच्छ वाटते. फक्त फ्लोमध्ये पुढे दुसरी एचटीटीपी रिक्वेस्ट केली की अ‍ॅट्रिब्यूट्सच्या जागी तिच्या रिस्पॉन्सचे येऊन बसतात. हवं ते सुरुवातीलाच व्हेरिएबलमध्ये ठेवा.

अपाची कॅमल सर्वांत मोकळा, म्हणूनच सर्वांत जपून वापरायचा. इथे हेडर आणि क्वेरी पॅरामीटर एकाच मॅपमध्ये (नाव-व्हॅल्यू जोड्यांच्या यादीत) येतात. गेटवेने लावलेला म्हणून तुम्ही ज्या हेडरवर विश्वास ठेवता, त्याच नावाचा पॅरामीटर कुणीही यूआरएलमध्ये लिहू शकतो. कॅमलचे स्वतःचे आतले आदेशही याच मॅपमधून फिरतात. बाहेरून तसली नावं येऊ नयेत म्हणून फिल्टर असतो, पण तो कॅपिटल-स्मॉलच्या फरकाने चुकवता येत असल्याचं मार्च २०२५ मध्ये जाहीर झालं. पाठोपाठ हेच क्वेरी पॅरामीटरमधूनही जमतं हे समोर आलं. दुरुस्ती ४.१०.२, ४.८.५ आणि ३.२२.४ मध्ये आहे, त्याहून जुनी आवृत्ती चालू ठेवू नका. रूट (कॅमलमधला फ्लो) पुढे दुसऱ्या सर्व्हरला कॉल करत असेल तर आलेले हेडर तिकडेही जाऊ शकतात. हवे ते एक्स्चेंज प्रॉपर्टीत (हेडरपासून वेगळ्या, रूटच्या आतल्या जागेत) घ्या आणि बाकीचे कॉलआधी काढून टाका.

रूट कोडमध्ये लिहून त्याचं रिव्ह्यू करणारी टीम असेल तर मी कॅमल घेईन. पडद्यावर फ्लो जोडणाऱ्यांच्या हाती मात्र तो देणार नाही. त्यांच्यासाठी नायफाय किंवा म्यूल, आणि टोकन पाइपलाइनच्या आत यावंच लागत असेल तर म्यूल.