कन्व्हेयर, एजीव्ही की एएमआर: लाइनवर माल पोचवायचा कसा?

कारखान्यात माल पोचवायला सरकता पट्टा (कन्व्हेयर) किंवा विनाचालक गाड्या (एजीव्ही, एएमआर) घ्यायच्या असतील, तर कोटेशन मागवण्याआधी एक गोष्ट पाहून घ्या: उत्पादनाची लाइन नक्की कशासाठी थांबते? मालाची वाट पाहत थांबत असेल, तर पुढचं उपयोगाचं आहे. एखादं मशीनच संथ असेल, तर माल कितीही वेगानं आणला तरी त्या मशीनपुढे अर्धवट मालाचा ढीगच वाढेल.

तोच माल, तीच वाट आणि ठरलेला टॅक्ट टाइम (एका नगामागून दुसरा नग तयार होण्यातलं अंतर) असेल, तर कन्व्हेयरला आजही तोड नाही. फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात १९१३ मध्ये सरकती लाइन आली आणि मॉडेल टीची चासी जोडायला लागणारे साडेबारा तास पुढच्या वर्षी दीड तासावर आले. पण कन्व्हेयर जमिनीला खिळलेला असतो. लेआउट बदलायचा तर तोडफोड आलीच. शिवाय एकापाठोपाठ १० भाग जोडले आणि प्रत्येक ९९ टक्के वेळ चालू राहिला, तरी अख्खी लाइन जेमतेम ९० टक्के वेळच चालते. म्हणून मधे बफरची, म्हणजे एक भाग थांबला तरी पुढच्याला पुरेल इतका माल ठेवायची, जागा सोडाच. जागा वाचवण्यासाठी बफर काढणं मला सर्वांत महागडी काटकसर वाटते.

एजीव्ही (ऑटोमेटेड गायडेड व्हेइकल) चुंबकीय पट्टी, तार किंवा लेझरच्या आधारानं ठरलेल्या वाटेवर चालते. वाटेत कुणी पॅलेट ठेवलं की थांबते. जड माल आणि न बदलणाऱ्या फेऱ्यांसाठी ती चांगली.

एएमआर (ऑटोनॉमस मोबाइल रोबॉट) अडथळा आला तर स्वतःच्या नकाशावरून वळसा घालून जाते. स्टेशन हललं तर बहुतेक वेळा नकाशा सुधारून भागतं. मॉडेलं वारंवार बदलत असतील, तर मी हीच निवडेन. मात्र वळसे आले की पोचण्याची वेळ मागेपुढे होते, त्यामुळे स्टेशनवर थोडा जादा माल ठेवावा लागतो.

गाड्यांची संख्या कागदावर काढा. तासाला ४० फेऱ्या आणि येऊन-जाऊन, चढ-उतार धरून फेरी ६ मिनिटांची, म्हणजे २४० मिनिटांचं काम: चार गाड्या, त्याही क्षणभर न थांबता. चार्जिंग आणि चौकातली गर्दी धरली, तर पाच-सहा लागतील. वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या एकत्र चालवायच्या असतील, तर व्हीडीए ५०५० (गाड्या आणि त्यांना चालवणारी नियंत्रण यंत्रणा यांच्यातल्या संवादाचं सामायिक मानक) चालतं का, हे आधीच विचारा.

आणि गाडी आल्यावर मालाचा बिन (डबा) उतरवणार कोण? त्यासाठी ऑपरेटरला हातातलं काम सोडावं लागणार असेल, तर आधी उतरवणीची सोय करा, गाडी नंतर घ्या.