जिताड्याच्या पाटीखाली बासा

आमच्या भागात, म्हणजे पुण्यात, नव्याने उघडलेल्या एका सुपरमार्केटच्या गोठवलेल्या मासळीच्या विभागातून मी गेल्या दोन महिन्यांत तीनदा खरेदी केली. बंद पाकिटांविषयी माझी तक्रार किरकोळ आहे. सुट्या तुकड्यांविषयी मात्र गंभीर आहे.

व्हिएतनामहून आलेल्या बासाच्या पाकिटावर मूळ देश, आयातदाराचे नाव-पत्ता, एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक आणि उणे १८ अंश तापमानाची सूचना असे सारे छापलेले होते. शास्त्रीय नाव पँगासियानोडॉन हायपोफ्थॅल्मस असे होते. हा मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातील तळ्यांत वाढवला जाणारा मासा. खरा बासा म्हणजे पँगासियस बोकोर्टी ही त्याची वेगळी भाईबंद जात, परंतु बाजारात दोन्ही एकाच नावाने खपतात, त्यामुळे शास्त्रीय नाव छापणाऱ्या आयातदाराला श्रेय द्यायला हवे. बर्फ वितळल्यावर एक किलोच्या पाकिटातला मासा ८१० ग्रॅमच भरला. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनुसार निव्वळ वजन बर्फाचे आवरण वगळून सांगायचे असते.

सुट्या तुकड्यांवर 'जिताडा', म्हणजे आपल्या खाड्यांतला मासा, अशी पाटी होती आणि भाव बासाच्या दुपटीहून अधिक. माझे माहेर पेणचे. जिताडा कसा असतो हे मला सांगावे लागत नाही. त्याचे मांस घट्ट असते आणि शिजल्यावर मोठ्या पाकळ्यांनी सुटते. या तुकड्यांनी तव्यावर भरपूर पाणी सोडले आणि उलटताना त्यांचा लगदा झाला. कातडी काढलेल्या तुकड्याची जात खात्रीने सांगायला डीएनए तपासणीच लागते हे मला मान्य आहे, पण जिताडा तो नव्हता, एवढे मी पैजेवर सांगेन.

माझ्या मते तो बासाच होता. बासा खाण्यात गैर काही नाही. प्रश्न केवळ पैशांचाही नाही. तळ्यातल्या माशांत प्रतिजैविकांचे अवशेष सापडल्याने माल नाकारला गेल्याची उदाहरणे आहेत, आणि असा माल परत बोलवायचा तर तो कुठून आला हे ठाऊक असावे लागते. पंगासची, म्हणजे बासा म्हणून खपणाऱ्या याच माशाची, शेती आंध्र प्रदेशातही होते. तेव्हा पाटीखालचा तुकडा मेकाँगचा की आंध्रचा, हे विक्रेत्यालाही सांगता आले नाही. गोठणीची तारीख विचारल्यावर त्याने फ्रीजरचे दार लावून घेतले.

तिसऱ्या खेपेला पाटी बदललेली दिसली. आता तिच्यावर 'पांढरा मासा, प्रीमियम' असे लिहिले होते. भाव तोच होता.