पुण्यात टँक, स्वराज द्वीपला समुद्र: स्कूबा डायव्हिंगचा पहिला, ओपन वॉटर कोर्स असा विभागून करावा का?

करावा. अंदमानातला एकेक दिवस महाग पडतो, तो मास्कमधलं पाणी काढायला शिकण्यात कशाला घालवायचा? थिअरी घरी, टँकमधली, म्हणजे पोहण्याच्या तलावातली, पाच सत्रं पुण्यात आणि समुद्रातले चार डाइव्ह स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला. पाडी या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेत याला रेफरल म्हणतात. पुण्यातल्या इन्स्ट्रक्टरने सही केलेला फॉर्म शेवटच्या सत्रापासून १२ महिने चालतो. दमा किंवा कानाचं जुनं दुखणं असेल तर डॉक्टरांचं पत्र इथूनच न्या.

मास्क, रेग्युलेटर (सिलिंडरमधली हवा तोंडाशी देणारं यंत्र), कान मोकळे करणं हे सगळं टँकमध्ये छान बसतं. कान दुखायची वाट न बघता दर मीटरला नाक दाबून हलकेच फुंकायचं. सर्दी असेल तर डाइव्ह रद्द.

अडतं ते वजनावर, म्हणजे बुडता यावं म्हणून अंगावर बांधायच्या शिशावर. टँकचं पाणी गोडं. तिथे जुळवलेलं वजन समुद्रात कमी पडतं, साधारण दोन किलो वाढवावे लागतात. घाईत चार वाढवले जातात. मग माणूस पाय खाली सोडून उभाच राहतो आणि पायांतले फिन प्रवाळावर आपटतात. मेंदूसारखी दिसणारी गोल प्रवाळं वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतात, एका लाथेचं नुकसान भरून यायला किती वर्षं लागतील बघा! म्हणून बेटावर पहिल्या डाइव्हआधी वजनाची तपासणी मागाच: बीसीडी (हवा भरून तरंगायचं जाकीट) पूर्ण रिकामं, नेहमीसारखा श्वास धरून ठेवला की पाणी डोळ्यांच्या रेषेत यावं, सोडला की हळूहळू बुडावं. सिलिंडर भरलेला असेल तर आणखी दोन किलो वजन लागतं, कारण आतली हवाच दोन-अडीच किलोंची असते. ती संपत येते तसे आपण हलके होतो, आणि वर येताना ५ मीटर खोलीवर तीन मिनिटं थांबायचं असतं तिथे वर ओढले जातो.

पुण्यात पैसे भरण्यापूर्वी एकच विचारा: नुसतं अधांतरी तरंगायला वेगळा अर्धा तास देणार का? नाही म्हणाले तर दुसरीकडे बघा.

परतीचं विमानाचं तिकीट शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी काढा. मधल्या दिवशी श्री विजयपुरम, म्हणजे जुन्या पोर्ट ब्लेअरजवळच्या वंडूरहून महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात जाता येतं. तिथली जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटं आळीपाळीने उघडतात. स्नॉर्केलिंगला उत्तम. प्लॅस्टिकची बाटली आत नेता येत नाही, स्टीलची घरूनच न्या.