टीव्हीवरचं फुकट व्हिडिओ ॲप: एक स्टार, का ते वाचा

आईबाबा कराडहून सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत कनेटिकटला आलेत म्हणून हे ॲप टाकलं होतं. नाव लिहीत नाही. चांगलं आधी सांगते, चित्र स्वच्छ दिसतं, लॉगिनची कटकट नाही, मराठी कीर्तनं आणि जुनी नाटकं भरपूर, आईची सकाळ छान जायची. वांधा आहे तो पुढचा व्हिडिओ आपोआप लागतो त्याचा.

मागच्या महिन्यात बाबा शाळेतल्या एका गोळीबाराची बातमी बघत होते, मी ओट्यापाशी डबा भरत होते, बातमी संपली की लगेच दुसरा व्हिडिओ, मग तिसरा, मी बाहेर येऊन बघते तर स्क्रीनवर एका माणसाच्या चेहऱ्याभोवती लाल गोल काढलेला आणि बाबा मला विचारतायत, "अगं, ते सँडी हूकचं खरंच झालं होतं का? हा म्हणतोय सगळे नट होते."

न्यूटाऊन आमच्यापासून पाऊण तासावर आहे. १४ डिसेंबर २०१२ ला तिथल्या सँडी हूक शाळेत गोळीबारात २० मुलं आणि ६ बायका गेल्या, मुलं सगळी सहा-सात वर्षांची, आणि माझी मुलगी आत्ता पहिलीत आहे. लॉकडाऊन ड्रिल, म्हणजे शाळेत कोणी बंदूक घेऊन घुसलं तर काय करायचं याचा सराव, असलं की वर्गातले दिवे घालवून सगळे भिंतीला चिकटून बसतात, घरी आल्यावर ती सांगते, "आई, मी अजिबात आवाज नाही केला." हे बाबांनी स्वतःच्या कानांनी ऐकलंय. बाबा बँकेत पस्तीस वर्षं सह्या तपासत होते, भोळे नाहीत हो, तरी पंधरा मिनिटांत त्यांच्या मनात शंका घुसली.

मग मी तो व्हिडिओ पूर्ण बघितला. मुलगी गेलेला एक बाप माईककडे येताना क्षणभर हसला, तेवढंच परत परत दाखवतात. त्या दिवशी चॅनेलवाल्यांनी घाईत आधी हल्लेखोराच्या भावाचंच नाव दिलं होतं, ती चूक यांच्यासाठी पुरावा. दुसऱ्या एका बापाने मुलाचं डेथ सर्टिफिकेट नेटवर टाकलं तर तेसुद्धा बनावट म्हणाले, त्याला धमक्या आल्या, घरं बदलत राहावं लागलं, आणि धमकी देणाऱ्या एका बाईला २०१७ मध्ये तुरुंगात जावं लागलं. ॲलेक्स जोन्स नावाचा इथला एक शोवाला तर वर्षानुवर्षं हेच बोलत स्वतःच्या दुकानातल्या सप्लिमेंटच्या बाटल्या विकत होता. ऑगस्ट २०२२ मध्ये टेक्सासच्या कोर्टात त्याने शपथेवर कबूल केलं की घटना शंभर टक्के खरी, ऑक्टोबरमध्ये कनेटिकटच्या ज्यूरीने ९६.५ कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितली. मोठ्या व्हिडिओ आणि सोशल मीडिया कंपन्यांनी त्याला २०१८ मध्येच काढलं, पण तेच सगळं अशा ॲपवर अजून फिरतंय आणि बातमीला चिकटून माझ्या हॉलमध्ये येतंय याचा मला भयंकर राग आहे.

तक्रार तीनदा केली. कारणांच्या यादीत खोटी माहिती हा पर्यायच नाही, 'इतर' निवडून सगळं लिहिलं, चौथ्या दिवशी छापील उत्तर आलं, व्हिडिओ तिथेच. ऑटोप्ले बंद करायचं बटण सेटिंगमध्ये पार तळाला आहे आणि अपडेट झालं की परत चालू होतं. आईने हरिपाठ लावला तर खालच्या रांगेत तोच लाल गोल.

गेल्या रविवारी बाबांना न्यूटाऊनच्या स्मारकाला घेऊन गेले. पाण्याच्या कुंडाभोवती दगडात २६ नावं कोरलीत, मधे एक झाड. बाबा प्रत्येक नावावरून बोट फिरवत, अडखळत, एकेक वाचत पूर्ण फेरी चालले, मी मागे मागे. गाडीत बसल्यावर म्हणाले, "ते काढून टाक टीव्हीवरचं."

काढलंय. आईला कीर्तन आता मी फोनवरून लावून देते.